गाळ्यातला दवाखाना: तपासणीची खोली आणि प्रोसिजर रूम

नवी मुंबईत नवा दवाखाना बहुतेक वेळा गाळ्यात उघडतो. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. तिने आखलेल्या वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, ऐरोली, घणसोली या नोडांमध्ये सेक्टरागणिक दुकानांची ओळ असते आणि त्या ओळीत किराणा, झेरॉक्स, केमिस्ट यांच्या शेजारी डॉक्टरांची पाटी लागते. गाळा मुळात दुकानासाठी बांधलेला असतो. समोर शटर, तोंड अरुंद, पोट खोल, खिडकी असलीच तर मागच्या डक्टवर उघडणारी आणि पाण्याची जोडणी एकाच कोपऱ्यात. दुकानाला एवढे पुरते. दवाखान्याला ते पुरवून घ्यावे लागते.

तपासणीची खोली आणि प्रोसिजर रूम यांची आखणी अशा जागेत कशी करावी, याबद्दल दोन मते आढळतात. एका मतापुढे भाडे, बाहेरची रांग आणि डॉक्टरांचा वेळ असतो. दुसऱ्यापुढे रक्ताने भरलेला ट्रे कुठून कुठे जाणार, एवढा एकच प्रश्न असतो आणि तो वाटतो तेवढा लहान नाही. पुढे ही मते डॉक्टर आणि सिस्टर यांच्या तोंडी घातली आहेत. गाळा कोपरखैरण्यातला, बारा फूट रुंद आणि तीस फूट खोल, म्हणजे ३६० चौरस फुटांचा धरला आहे.

कोपरखैरणे मुद्दाम निवडले आहे. इथे माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. बाजार समितीत पोती वाहणाऱ्यांच्या कंबरा आणि खांदे दवाखान्यात येतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टाही लागूनच, त्यामुळे रबाळे-महाप्याकडून बोटात घुसलेला धातूचा कीस, यंत्राखाली चेमटलेले नख, तळहातावरची चीर येते. सीवूड्सच्या दवाखान्यात तेवढ्याच जागेत कानातला मळ काढणे, मधुमेहींच्या पायाचे ड्रेसिंग आणि कॅथेटर बदलणे जास्त होईल. आपल्याकडे काय येणार याची यादी हाताशी नसताना फर्निचरवाल्याला बोलावले, तर तो त्याच्या सवयीची खोली बनवून देतो. ती यादी करताना पहिली रेघ ही ओढायची की, जागेवर बधिर करून होते तेवढेच या खोलीत करायचे. ज्याला पूर्ण भूल लागते ते इस्पितळात.

डॉक्टर: सिस्टर, माझा हिशेब सोपा आहे. दिवसाला चाळीस पेशंट धरा. त्यातले टाके, गळू, ड्रेसिंगचे फार तर चार-पाच. त्यांच्यासाठी गाळ्याचा तिसरा हिस्सा अडवून ठेवायचा? त्यापेक्षा तपासणीच्या दोन खोल्या करू. एका खोलीत मी तपासतोय तोवर दुसरीत पुढचा पेशंट टेबलावर चढलेला, बीपी घेतलेलं. प्रत्येकामागे तीन मिनिटं वाचली तरी दोन तास झाले. टाके घालायचे असले तर जी खोली रिकामी असेल तिथे घालू.

सिस्टर: आणि टाके घातल्यावर ती खोली किती वेळ बंद राहणार, ते धरलंत का सर? गळू फोडलं की टेबल पुसायचं, चादर बदलायची, जमीन पुसायची, ट्रे उचलायचा. तोवर तिथे तापाचं मूल झोपवता येत नाही.

डॉक्टर: दहा मिनिटं.

सिस्टर: मावशी आल्या असतील तर दहा.

दोन खोल्यांचा फायदा खोटा नाही. मात्र दुसऱ्या खोलीत रुग्णाला तयार करायला वेगळे माणूस असेल तरच तो मिळतो. एक डॉक्टर आणि एकच मदतनीस असेल, तर दुसरी खोली म्हणजे महागडी प्रतीक्षागृहाची खुर्ची होते. रुग्ण बाहेर वाट पाहण्याऐवजी आत, अर्धवट कपड्यांत, एकटा वाट पाहतो. शिवाय जी खोली सगळ्यासाठी असते तिच्यात प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या आड येते. वजनकाट्यावर सलाईनचे खोके, सलाईनच्या खोक्यावर ईसीजीचे मशीन, आणि ऐन वेळी कातरी सापडत नाही. एवढ्या गाळ्यात तपासणीची एक आणि प्रोसिजरची एक, अशी विभागणी बरी पडते. प्रोसिजर रूम रिकामी असताना तिथे ईसीजी काढावा, प्लास्टर पाहावे, टाके काढावेत. खोकणारा रुग्ण मात्र तिथे नेऊ नये आणि गळू तपासणीच्या टेबलावर फोडू नये. प्रोसिजर रूममध्येही दिवसाचा क्रम असतो. आधी स्वच्छ जखमा, पूवाचे काम शेवटी.

सिस्टरची आखणी अशी: पुढचे दहा फूट प्रतीक्षेसाठी. त्यामागे एका बाजूने साडेतीन फुटांची वाट आणि तिला लागून साडेआठ बाय नऊ फुटांची तपासणीची खोली. ती वाट सरळ मागच्या खोलीत शिरते आणि ही मागची खोली गाळ्याच्या पूर्ण बारा फूट रुंदीची, अकरा फूट खोल. वाट सरळ का, ते शेवटी येईल.

तपासणीच्या खोलीत सर्वांत मोठी वस्तू टेबल आणि सर्वांत जास्त चुका तिच्याच बाबतीत होतात. वैद्यकाच्या शिक्षणात रुग्णाला त्याच्या उजव्या बाजूने तपासण्याची शिस्त आहे. पोट चाचपणे, यकृताची कड शोधणे, सगळे तिथूनच. म्हणून टेबल भिंतीला लावताना रुग्णाची डावी बाजू भिंतीकडे यायला हवी. सहा बाय दोन फुटांचे टेबल कोणत्या भिंतीला लावले यावरून उशी कोणत्या टोकाला येणार हे ठरते आणि उशीवरून, दार उघडल्यावर बाहेरच्याला काय दिसणार हे ठरते.

डॉक्टर: माझ्या पहिल्या आराखड्यात दोन खोल्या पाठीला पाठ लावून होत्या. मधल्या भिंतीत एकच पाइप, दोन्हीकडे बेसिन. प्लंबर खूश होता. एक खोली म्हणजे दुसरीचं आरशातलं प्रतिबिंब.

सिस्टर: आरशात उजवा हात डावा होतो ना, सर. एका खोलीत तुम्ही पेशंटच्या उजवीकडे उभे राहणार, दुसरीत डावीकडे. नाहीतर उशी फिरवायची. मग पाय दाराकडे येणार. बाईमाणसाची तपासणी चालू असताना कुणी दार ढकललं तर?

डॉक्टर: दाराला कडी आहे.

सिस्टर: कडी लावून तपासणी करत नाहीत, सर. मी बाहेरून येणार कशी?

कागदावर रेघा ओढून पाहिल्या तर उत्तर एकच निघते. दारातून आत शिरताना डाव्या हाताला जी भिंत येते तिला टेबल लावावे आणि उशी दाराच्या बाजूला ठेवावी. उताण्या झोपलेल्या माणसाचा उजवा हात मग मोकळ्या जागेकडे येतो आणि पाय दारापासून लांब राहतात. दार ज्या भिंतीत आहे तिच्या उजव्या अंगाला ते असावे आणि त्याच्या बिजागऱ्या टेबलाच्या बाजूला. सुतार सवयीने त्या उलट लावतात, कारण पल्ला भिंतीला टेकला की खोली मोठी दिसते. पल्ला टेबलाच्या बाजूने उघडला, तर अर्धवट उघडताना तो स्वतःच आडोसा होतो. पडदा त्यानंतर येतो. पडद्याची पट्टी टेबलाला घासून लावू नये. पडदा ओढल्यावर आत डॉक्टर आणि सोबतचे माणूस दोघे उभे राहतील एवढे अंतर सोडावे. तपासणीच्या खोल्या चार असोत की दहा, सगळ्यांना हीच एक कूस ठेवली तर पाइप थोडा वाढतो. पण कोणत्याही खोलीत न पाहता हात लांबवला की हातमोज्यांचा डबा तिथेच असतो.

सोबतच्या माणसाची जागा आराखड्यात बहुधा विसरली जाते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पुरुष डॉक्टरने स्त्री रुग्णाची शारीरिक तपासणी करताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क नमूद केला आहे. हजर राहायचे तर तिला उभे राहायला दोन फूट लागतात, आणि तेही डॉक्टरांच्या कोपराआड न येणारे. आडोसा आवाजालाही हवा. प्लायचे पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेले, तर सीलिंगच्या वरून आतले सगळे बोलणे बाहेर बसलेल्यांना ऐकू जाते. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्यावे लागते. सेक्टरात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ही चैन नाही.

टेबलाची उंची हा दुसरा तंटा.

डॉक्टर: साधं लोखंडी टेबल, बत्तीस इंच. वाकावं लागत नाही. खाली पायरी ठेवू.

सिस्टर: ज्याची कंबर धरली आहे तोच त्या पायरीवर चढायचा असतो. पन्नास किलोचं पोतं उचललेला माणूस चढताना भिंत धरतो, मी बघितलंय. आणि म्हाताऱ्या बायका पायरीवर एक पाऊल टाकतात आणि तिथेच थांबतात.

उंची कमी-जास्त होणारे टेबल महाग पडते, यात वाद नाही. ते एकच परवडत असेल तर प्रोसिजर रूममध्ये ठेवावे. तिथे डोक्याकडची बाजू खाली करण्याची सोयही हवी, कारण सुई पाहून चक्कर येणारे तगडे तरुण दर आठवड्याला भेटतात. तपासणीच्या खोलीत ठरावीक उंचीचे टेबल चालेल, पण पायरी रुंद, घसरू न देणारी आणि हाताला दांडी असलेली असावी. चाकाच्या खुर्चीला वळायला १५०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते, म्हणजे सुमारे पाच फूट. नऊ फुटांतून टेबलाचे दोन गेले तरी सात उरतात. त्यात हे वर्तुळ मावते, फक्त डॉक्टरांचे लिहिण्याचे टेबल फार मोठे नको. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवावी. चौकटीच्या आतून मोजून.

आता मागची खोली. इथे टेबल भिंतीला लावायचे नाही. दोन फुटांचे टेबल, दोन्ही अंगांना तीन-तीन फूट, असे आठ फूट. डोक्याकडे आणि पायाकडे अडीच-अडीच फूट धरले की सहाचे अकरा होतात. बारा फुटांपैकी उरलेल्या चार फुटांची पट्टी हत्यारे धुण्यासाठी आणि निर्जंतुक करण्यासाठी, मध्ये पार्टिशन घालून.

डॉक्टर: चार फूट धुण्यासाठी? आमच्या सरांच्या दवाखान्यात एक चौकोनी स्टरलायझर होता, विजेवर चालणारा. कंपाउंडर सकाळी हत्यारं टाकायचा, दिवसभर पाणी खदखदत असायचं. तीस वर्षं चाललं.

सिस्टर: चाललं म्हणजे काय झालं ते कोणी मोजलं का, सर?

उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. धनुर्वाताचा जंतू बीजाणू करतो. शंभर अंशांवरचे पाणी त्याला पुरेसे नाही. दाबाखालची वाफ लागते: ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला १२१ अंश सेल्सियस. नवी मुंबई समुद्रसपाटीला असल्याने इथे दाबाचा काटा आणि तापमान जुळते. महाबळेश्वरला तोच काटा तेवढाच दाब दाखवत असताना आतले तापमान थोडे कमी असते आणि साधे पाणी तर शंभराच्या बरेच आधी उकळते.

ऑटोक्लेव्ह विकत घेणे मात्र यातला सोपा भाग. हत्याराचा प्रवास आखणे अवघड. वापरलेला ट्रे टेबलावरून निघतो तो पट्टीच्या एका टोकाला, खोल सिंकमध्ये. तिथे हत्यारे एन्झाइमच्या पाण्यात भिजतात, मग पाण्याखाली धरून, सांधे उघडून ब्रशने घासली जातात. पाण्यावर धरून घासली तर शिंतोडे तोंडावर येतात. रक्त वाळून बसलेल्या चिमट्यावर वाफेचा उपयोग नाही, कारण वाफ पापुद्र्याच्या आत पोहोचत नाही. मग धुणे, कोरडे करणे, पुडी बांधणे, ऑटोक्लेव्ह, थंड होणे, कपाट. हा प्रवास एकाच दिशेने व्हावा. घाण डावीकडून शिरते, स्वच्छ उजवीकडून बाहेर पडते आणि दोघांची कुठेही गाठ पडत नाही. चार फुटांच्या पट्टीत अकरा फुटांचा ओटा मिळतो. तेवढा लागतोच.

ड्रेसिंगचा ड्रम वापरणाऱ्यांकडून दोन चुका हमखास होतात. ड्रममध्ये गॉज ठासून भरले, तर मधल्या थरांत हवा अडकते आणि वाफ तिथे शिरत नाही. ड्रमच्या कडेची भोके आत ठेवताना उघडी आणि बाहेर काढताच बंद व्हायला हवीत. घाईत ती उलट होतात. पुडीवरची पट्टी काळी झाली म्हणजे पुडी आतल्या उष्णतेतून गेली एवढेच सिद्ध होते, निर्जंतुक झाली हे नाही. त्यासाठी जिवाणूंचे बीजाणू असलेली चाचणीची कुपी ठरावीक दिवसांनी आत ठेवावी लागते. ही तारीख लिहायची वही ऑटोक्लेव्हच्या शेजारीच टांगलेली बरी. ड्रॉवरमधल्या वहीत शनिवारी आठवड्याभराच्या सह्या एकदम होतात.

डॉक्टर: मग हात धुवायला तेच सिंक आहे ना?

सिस्टर: नाही. हत्यारांच्या सिंकमध्ये हात धुवायचे नाहीत आणि हातांच्या बेसिनमध्ये ट्रे ओतायचा नाही. दोन नळ. हातांचा नळ कोपराने उघडणारा, आणि दाराजवळ, म्हणजे आत येतानाच दिसेल.

डॉक्टर: अजून एक ड्रेनेज लाइन.

सिस्टर: तुम्ही पाठीला पाठ लावलेल्या भिंतीत वाचवली होती ना, ती इथे वापरू.

खोलीतल्या सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जे जमिनीला टेकत नाही ते चांगले, कारण खाली फडके फिरते. ट्रॉली आणि ओट्याचा पत्रा ३०४ प्रतीच्या स्टीलचा घ्यावा. स्वस्त स्टील खाडीच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत ठिपके धरते. चांगल्या स्टीललाही हायपोक्लोराइट सोसत नाही, म्हणून ते वापरल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्यावे लागते. प्लायची कपाटे बेसिनखाली ठेवू नयेत. जुलैत त्यांच्या कडा फुगतात आणि बुरशी आत बसते.

उजेडाबाबत युरोपीय मानकाचे आकडे धरायला हरकत नाही: तपासणीच्या खोलीत सर्वसाधारण ५०० लक्स आणि प्रत्यक्ष तपासणीच्या जागी १००० लक्स. त्याहून महत्त्वाचा प्रकाशाचा रंग. सजावटीचा पिवळट दिवा असला की सगळ्यांनाच कावीळ झाल्यासारखी दिसते किंवा ज्याला खरोखर झाली आहे त्याची दिसत नाही. हिरव्या पडद्यावरून येणारा उजेडही फसवतो. भिंत आणि पडदे फिक्या, उदास रंगांचे असले तरी चालतील.

हवेच्या बाबतीत दोन खोल्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत आणि गाळ्यात एकच एसीवाला दोन्हीकडे सारखेच काम करून जातो.

डॉक्टर: दोन्ही खोल्यांना स्प्लिट एसी आणि एकेक एक्झॉस्ट. झालं.

सिस्टर: स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, सर. तीच हवा गार करून परत देतो. सकाळी खोकून गेलेल्याची हवा संध्याकाळचा पेशंट घेतो.

डॉक्टर: म्हणून तर एक्झॉस्ट.

सिस्टर: तपासणीच्या खोलीत बरोबर. पण मागच्या खोलीत एक्झॉस्ट लावला की तो दाराखालच्या फटीतून वाटेतली धूळ टेबलावर खेचणार.

दोघेही अर्धे बरोबर आहेत. तपासणीच्या खोलीत खोकला येतो आणि त्यात क्षयाचा खोकलाही असतो. तिथली हवा बाहेर फेकली जावी आणि डॉक्टर ताजी हवा येते त्या बाजूला, रुग्ण एक्झॉस्टच्या बाजूला बसावा. टेबल-खुर्च्या फिरवून हे फुकट साधते. नैसर्गिक वायुवीजनाबद्दलच्या २००९ च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने बाह्यरुग्ण विभागासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवेचा आकडा दिला आहे. शटरबंद, एसी लावलेल्या गाळ्यात त्याच्या जवळपासही जाता येत नाही, तेव्हा थंडीच्या दिवसांत तरी डक्टकडची खिडकी उघडी ठेवावी.

प्रोसिजर रूमचे उलट. तिथे स्वच्छ हवा आत ढकलली जावी आणि दारातून बाहेर पडावी, म्हणजे वाटेतले आत येत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे संस्थेचे १७० क्रमांकाचे मानक अशा खोलीसाठी तासाला पंधरा वेळा हवा बदलायला सांगते, त्यांत तीन वेळा बाहेरची हवा. टेबलाभोवतीचा भाग आठ बाय अकरा आणि उंची नऊ फूट धरली तर ७९२ घनफूट होतात. ताज्या हवेचा वाटा मिनिटाला ४० घनफुटांच्या आसपास. डक्टकडच्या भिंतीत गाळणी लावलेला एक छोटा पंखा एवढे करू शकतो. एक्झॉस्ट लावायचाच तर धुण्याच्या पट्टीत लावावा, तिथली वाफ आणि वास तिकडूनच जातील. डक्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या हॉटेलचा धूर नाही ना, हे आधी बघावे.

वीज थोडक्यात: ऑटोक्लेव्हला स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचा सॉकेट, सगळ्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच, कॉटरी वापरायची असेल तर खरी, मोजून घेतलेली अर्थिंग. इन्व्हर्टरवर आधी टेबलावरचा दिवा, मग बाकी. अर्धे टाके झाल्यावर महावितरणची वीज गेली तर मोबाइलचा टॉर्च धरणारा नातेवाईक नेमका त्याच क्षणी भोवळ येऊन पडतो.

कचऱ्याच्या रंगांवर डॉक्टरांचे वेगळे म्हणणे आहे.

डॉक्टर: लाल, पिवळे, निळे डबे समोर ठेवले की खोली खेळण्याच्या दुकानासारखी दिसते. ओट्याखाली ठेवू.

सिस्टर: ओट्याखाली ठेवले की सुई हातात घेऊन मी वाकणार. सुई लागते ती तिथेच. सुयांचा डबा टेबलापासून एका हाताच्या अंतरावर हवा, टोपण न लावता थेट त्यात टाकता येईल असा.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाट नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. पिवळ्यात रक्ताचा कापूस आणि शरीराचे भाग, लालमध्ये नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजसारखे प्लास्टिक, पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया आणि पाती, निळ्यात काच. पिवळ्यातला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवायचा नसतो, म्हणून उचलणाऱ्या गाडीचे वार पाहून डब्यांचे माप ठरवावे. पिशव्या ठेवायची जागा धुण्याच्या पट्टीच्या घाणेरड्या टोकाला असावी, औषधांच्या कपाटाखाली नव्हे. दिसण्याचाच प्रश्न असेल तर सुयांचा डबा सोडून बाकीचे पार्टिशनच्या आड जाऊ शकतात. डॉक्टरांचे एवढे म्हणणे मान्य व्हायला हरकत नाही.

कागदपत्रांचाही आखणीशी संबंध येतो. रुग्णाला ठेवून घेण्याची खाट आली की १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा विषय येतो आणि महापालिकेची नोंदणी लागते. १ जानेवारी १९९२ ला स्थापन झालेली नवी मुंबई महानगरपालिका इथे ते काम पाहते. ‘तासभर सलाईन लावायला’ म्हणून मागच्या खोलीत दुसरी खाट सरकवण्याआधी हे लक्षात घ्यावे. सोनोग्राफीचे मशीन तर १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली नोंदलेल्या जागेतच ठेवता येते. पुढे कधी घेऊ म्हणून कोपरा रिकामा ठेवणाऱ्यांनी तो कोपरा आधी कपाटाला द्यावा.

शेवटची गोष्ट आणीबाणीच्या ट्रेची. बधिर करण्याच्या औषधाची किंवा प्रतिजैविकाची तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित येते, पण आली की पहिल्या काही मिनिटांतच सगळे ठरते. एक हजारास एक प्रमाणाचे अ‍ॅड्रेनलिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. ते कुलूपबंद कपाटात असून चालत नाही. ट्रे भिंतीवर, दिसेल असा, वर तारखांची चिठ्ठी. त्याखाली अंबू बॅग, सक्शन आणि ऑक्सिजन. बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटरने तो अडीच तास पुरेल. सिलेंडर साखळीने भिंतीला बांधावा आणि त्याची चावी त्यालाच दोरीने.

त्यानंतर १०८ ची गाडी येते आणि इथे ती सरळ वाट उपयोगी पडते. साडेसहा फुटांचे स्ट्रेचर साडेतीन फुटांच्या वाटेतून काटकोनात वळवताना चार फुटांचे दार असले तरी कोपरे घासतात. वाट सरळ टेबलाशी आली तर वळवावेच लागत नाही.

डॉक्टर: आतलं जमलं. बाहेर ओट्याला दोन पायऱ्या आहेत, त्याचं काय? उतार करू.

सिस्टर: किती उंच आहेत?

डॉक्टर: सहा-सहा इंच.

सिस्टर: एकास बारा. म्हणजे बारा फूट उतार. ओटा किती आहे पुढे?

डॉक्टर: पाच. पुढे गटाराची जाळी, मग पार्किंग.

सिस्टर: लांबीला घेतला तर? शटरसमोरून आडवा, केमिस्टच्या दारापर्यंत.

डॉक्टर: त्याला विचारावं लागेल.

सिस्टर: नाहीतर त्याच ओळीतला शेवटचा गाळा बघा, सर. परवा त्याचं शटर उघडं होतं. तिथे एकच पायरी आहे. सहा फुटांत भागेल.